शाहू महाराजांचा धडा वर्गाबाहेर नेला, त्याचा माझा अनुभव

आठवीला इतिहास शिकवते मी. 'समतेचा लढा' या धड्यात राजर्षी शाहू महाराज येतात पण थोडक्यातच, आणि आमची निम्मी पोरं रोज कोल्हापूरच्या दसरा चौकातनं, महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालून शाळेला येतात. म्हणून यंदा ठरवलं, पुस्तक तर शिकवायचंच पण जोडीला इथलं काहीतरी पोरांच्या हातात द्यायचं.

परवानग्यांचं फार अवघड नाही, मुख्याध्यापकांना अर्ज, पालकांची संमतीपत्रं आणि टाऊन हॉल म्युझियमला लेटरहेडवर पत्र. एका ऑफिसात मात्र जुना नकाशा नुसता बघायला मागितला तर या टेबलावरनं त्या टेबलावर, शेवटी नाद सोडला आणि पोरांकडनंच दसरा चौकाचा नकाशा काढून घेतला, ते तर जास्तच कामाचं झालं. कारण मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग अशी नावं लिहिता लिहिता त्यांनीच विचारलं, बाई एवढी बोर्डिंगं एकाच भागात कशी काय? मग खेड्यातनं शिकायला येणाऱ्या पोरांची राहायची जेवायची सोय कशी नव्हती आणि महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाला हाताशी धरून वसतिगृहं कशी उभी केली, हे सांगायला मला वेगळी प्रस्तावना लागलीच नाही.

सगळ्यात रंगला तो २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याचा तास. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना द्यायच्या, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मी त्याचा मजकूर सोप्या मराठीत टाईप करून गटागटाला एकेक झेरॉक्स दिली आणि न कळणाऱ्या ओळीखाली रेघ मारायला लावली. जवळजवळ सगळ्यांची रेघ शेवटच्या कलमाखाली, खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. हे कशाला? मागच्या बाकावरची एक पोरगी, एरवी तोंड उघडत नाही ती, म्हणाली, "बाई, तुम्ही वह्या तपासता म्हणून आम्ही गृहपाठ करतो, तसंच असणार की." मला लय भारी वाटलं खरं सांगते. हुकूम काढणं आणि तो पाळला जातोय का ते बघणं यातला फरक तिनं बरोब्बर पकडला, त्याच धाग्यावर मी १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला होणारा दंड घेतला.

म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची रोमन ब्राँझची मूर्ती आहे, ती चुकवू नका. पंचगंगेच्या काठावर रोमचा समुद्रदेव कसा आला यावर परतीच्या वाटेवर नुसता गोंधळ चालला होता, व्यापार हा शब्द त्यांच्याच तोंडून आला.

घरच्या माणसांना बोलतं करा, हेही सांगेन. एकाच्या आज्जींनी शाहू मिलच्या, म्हणजे इथल्या कापडगिरणीच्या भोंग्यावर घरचं सगळं वेळापत्रक कसं चालायचं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलंय, १९०६ ला सुरू झालेली मिल म्हणजे काय ते तेवढ्यात कळतं.

आता आमच्याच जिल्ह्यातल्या माणगावला जायचंय. मार्च १९२० मध्ये तिथल्या अस्पृश्यांच्या परिषदेला बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. एसटीसाठी अर्ज दिलाय, त्या गावात कुणाच्या घरी परिषदेच्या आठवणी सांगणारं कोणी असेल तर नक्की कळवा.