पित्ताशय काढल्यानंतरची एलएफटी: नडला तो ऑपरेशनआधीचा कागद

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळचा एलएफटीचा, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट: एसजीओटी ८८, एसजीपीटी ९४. ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम. दोन्हींपुढे ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. जीव खाल्ला तो त्यानंतरच्या एका साध्या प्रश्नाने: हेच आकडे ऑपरेशनआधी किती होते?

भूल देण्यापूर्वीच्या तपासण्यांत एलएफटी झालेली होती. पण तो कागद दाखल होताना फाईलला लागला आणि डिस्चार्जनंतर फाईल रेकॉर्ड विभागात गेली. डिस्चार्ज कार्डावर उरलं ते एवढंच: ‘रक्ततपासणी नॉर्मल’. रेकॉर्डवाले म्हणाले, लॅबकडून प्रिंट घ्या. लॅब म्हणाली, नोंद इनडोअर नंबरवर आहे, वॉर्डातून लेखी आणा. वॉर्ड म्हणाला, फाईल खाली गेली, आता आमच्या हातात काही नाही. आपल्याच रक्ताच्या आकड्यांसाठी ही टोलवाटोलवी, आणि तीसुद्धा पोटाला टाके असताना. त्याचा राग अजून गेलेला नाही.

राग येण्याचं कारण वैद्यकीयच आहे. इथे ‘नॉर्मल’ या शब्दाचा काही उपयोग नाही. एसजीपीटीची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये ४०च्या आसपास असते. आधी १८ असेल तर ९४ म्हणजे पाचपट. आधी ३८ असेल तर अडीचपट. दोन्ही ‘नॉर्मल’, पण अर्थ वेगळा. आणि पित्ताच्या खड्यामुळे किंवा फॅटी लिव्हरमुळे आधीच ८० असेल, तर ९४मध्ये ऑपरेशनचा वाटा किरकोळ. डॉक्टर पाहतात ती वाढ, आणि वाढ मोजायला आधीचा आकडा लागतो. तेव्हा दाखल होण्यापूर्वीच प्रत्येक रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तो राहिला असेल तर वॉर्डातून निघण्याआधी सिस्टरांकडून कागद मागून घ्या. फाईल वॉर्डात आहे तोवर हे काम दोन मिनिटांचं आहे, नंतर ते अर्जाचं होतं.

शेवटी हाती आलेला कागद असा: एसजीओटी २६, एसजीपीटी ३१, एकूण बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) ०.७, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) ७९. ऑपरेशननंतर बिलिरुबिन १.० आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ८२. म्हणजे पहिले दोन सुमारे तिप्पट, बाकीचे जवळपास जागच्या जागी. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर सर्जननी एका नजरेत सांगितलं, हा गॅसचा परिणाम. तोवरची सगळी घालमेल एका कागदाअभावी होती.

गॅसचं गणित असं. दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिमी पारा इतक्या दाबाने. यकृताला सर्वाधिक रक्त पुरवणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब ७ ते १० मिमीच असतो. बाहेरचा दाब जास्त झाला की प्रवाह मंदावतो, गॅस सोडला की तो एकदम पूर्ववत होतो, आणि या ओढाताणीत काही पेशींतून एन्झाइम रक्तात झिरपतात. त्यात यकृत वर उचलून धरणं, पित्ताशय सोडवताना कॉटरीची (विजेवर तापणाऱ्या उपकरणाची) उष्णता आणि भुलीच्या औषधांची भर पडते. वाढ २४ ते ४८ तासांत दिसते आणि सहसा आठवड्याभरात उतरते. कमी दाबाच्या गॅसवर केलेल्या ऑपरेशनमध्ये ती कमी असते. गुंतागुंत नसेल तर अनेक सर्जन ही तपासणी पुन्हा करतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

उतरतानाही दोघं बरोबरीने उतरत नाहीत. रक्तातलं एसजीओटी निम्मं व्हायला सुमारे १७ तास लागतात, एसजीपीटीला सुमारे ४७. चौथ्या दिवशी ३४ आणि ५६ आले, तेव्हा एसजीपीटी ‘अडकलं’ असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात ते आपल्या गतीने उतरत होतं. म्हणून रोज रक्त देण्यात अर्थ नाही. आठवड्याने, त्याच लॅबमध्ये, एकदा.

काळजीचं चित्र निराळं असतं. डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे आणखी एक एन्झाइम मिळून चढत असतील तर पित्त कुठेतरी अडतंय: मुख्य पित्तनलिकेत राहिलेला खडा, किंवा नलिकेला झालेली इजा. मग सोनोग्राफी, एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), आणि खडा काढायला ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून). पित्त पोटात गळत असेल तर मात्र आकडे जेमतेम वाढतात आणि पोटच जास्त बोलतं: वाढती वेदना, फुगलेलं पोट, ताप. गडद लघवी, पांढुरकी शौच, डोळ्यांत पिवळेपणा, अंगाला खाज, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. रिपोर्ट चांगला असला तरीही.

फक्त इनडायरेक्ट (यकृताने प्रक्रिया न केलेलं) बिलिरुबिन थोडं वाढलं असेल तर उपासाने आणि ऑपरेशनच्या ताणाने वाढणारा गिल्बर्ट सिंड्रोम हा जन्मजात प्रकार असू शकतो, तो निरुपद्रवी.

रक्ताचा नमुना नीट घेतला गेला नाही आणि तांबड्या पेशी फुटल्या, तर एसजीओटी खोटं वाढतं. रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्या. दंडात किंवा कमरेत घेतलेल्या इंजेक्शनांनीही स्नायूतून थोडं एसजीओटी येतं.

औषधांची यादीही सोबत न्या. वेदनेसाठी रोज ४ ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल काही दिवस चालू राहिलं तर एसजीपीटी वाढू शकतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटमुळे होणारी कावीळ तर कोर्स संपून काही आठवड्यांनीही उगवते, आणि तेव्हा त्या गोळ्या कुणाला आठवत नाहीत.

फाईल मिळालीच तर ऑपरेशन नोटचीही झेरॉक्स घ्या. क्लिप कसल्या लावल्या, ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) ठेवला होता का, नलिकेचा एक्स-रे काढला का, हे त्यात असतं. सहसा क्लिप टायटॅनियमच्या असतात आणि एमआरसीपीला आड येत नाहीत, पण तपासणीआधी टेक्निशियन नेमकं हेच विचारतो.