तुम्ही विचारलंत म्हणून: आकारिक मूल्यमापन शिकायचं कुठे?

नवीन लागलेले शिक्षक भेटले की हमखास विचारतात, मॅडम, आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकवता शिकवताच मुलाला काय कळलं आणि कुठे अडलं ते बघणं, नीट शिकायचं कुठे, ट्रेनिंगला तर नोंदी कशा भरायच्या तेवढंच सांगतात. माझं उत्तर ठरलेलं आहे, मुलांच्या वह्या घेऊन बसा, आणि सोबत निदान एक शिक्षक तरी घ्याच.

आता हे बघा. तिसरीत 52 वजा 27 दिलं, दोघांनी 35 लिहिलं. दोघांनाही फुली आणि दोघांनाही तोच शेरा, ‘वजाबाकीचा सराव करावा’. पण जवळ बोलावून ‘कसं केलंस सांग बरं’ म्हटलं की कळतं, एकीने मोठ्यातून लहान काढलं, सातातून दोन गेले पाच. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात गेले पाच, इथपर्यंत बरोबर, पण वरच्या पाच दशकांचे चार करायचे राहिले. पहिलीला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला लागतील, दुसऱ्याचं थोडक्यात अडलंय. वर्गात चाळीस मुलं असली तर एकेकाला कधी विचारणार हे मला कळतं हो, म्हणून गणितच असं निवडायचं की उत्तरावरून चूक ओळखू येईल. 52 वजा 28 द्या. पहिली 36 लिहील, दुसरा 34, पाट्यांवरून नजर फिरवली तरी समजतं उद्या कुणाला काय शिकवायचंय.

असं गणित शोधणं पीपीटी बघून येत नाही, ते दोघातिघांनी वह्यांवर डोकं घालून बसलं की येतं. आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या शिक्षकांची, शिक्षण परिषद दर महिन्याला असतेच ना, तिथे प्रत्येकाने चार-पाच वह्या आणाव्यात, हे मूल असं का लिहितंय यावर बोलावं, आणि मग काय करून बघितलं ते पुढच्या वेळी सांगावं, एवढं जरी झालं तरी मला खूप वाटतं.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प अशी आकारिकची आठ साधनं आहेत आणि तो विचार मला आजही मनापासून पटतो. पण बऱ्याच ठिकाणी त्या साधनांचे नुसते रकाने झालेत, सत्र संपताना बसून भरायचे, तोवर त्या नोंदीचा मुलाला काय उपयोग?

आणि वहीत गुण द्यायचे का, हेही विचारता. 1988 साली संशोधक रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास आला, त्यात फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा फायदा झाला नाही. म्हणून रोजच्या वहीत गुण नकोच, कुठे अडलंय ते एका ओळीत लिहा आणि दुरुस्तीला वर्गातच दहा मिनिटं द्या, घरी करून आण म्हटलं की ते राहूनच जातं.