सांदोळची जनगणना: आधी प्रश्न, मग आकडे

मागच्या नोंदीपर्यंत नकाशा, नद्या आणि बंदरं झाली होती. या वेळी माणसं आली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: सांदोळ हा माझा काल्पनिक देश. हिंदी महासागरातलं एक मोठं बेट आणि त्याच्या आजूबाजूची चिल्लर बेटं. १९७५पर्यंत पोर्तुगीज अंमल, मग स्वातंत्र्य. मैदानात सांदोळी भाषा, वरघाट नावाच्या डोंगरपट्ट्यात किरी, आणि बंदरांमध्ये सगळ्यांची सरमिसळ होऊन झालेली बंदरी. देशाच्या आतलं सगळं मनाचं आहे, बाहेरचे दाखले मात्र खरे.

लोकसंख्या २४ लाख ठरवली. हा आकडा हवेतून काढलेला नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून साधारण २४.६५ लाख माणसं होती. एवढ्या माणसांत किती बाजारगावं बसतात, एसटीच्या किती गाड्या लागतात, तालुक्याला कॉलेज किती असतं, याचा अंदाज डोक्यात तयारच असतो. काल्पनिक देशाला पाच-दहा कोटी लोकसंख्या देण्याचा मोह सगळ्यांना होतो. मला तो आवरता आला, कारण पुढे शाळा मोजायच्या होत्या.

याच दोन जिल्ह्यांकडून दुसरी गोष्ट उचलली. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची चक्क घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कारण आपल्याला ठाऊकच आहे: मुंबई. म्हणून वरघाटाचा लोकसंख्या मनोरा (वयोगटांचे थर, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, असा आलेख) काढताना २० ते ४५ वयोगटातली पुरुषांची बाजू कुरतडली. हे पुरुष बंदरात आणि जहाजांवर आहेत. इथे एक पथ्य पाळावं लागतं: डोंगरातून कमी केलेली माणसं बंदराच्या मनोऱ्यात किंवा परदेशी गेलेल्यांच्या रकान्यात दिसलीच पाहिजेत. बऱ्याच काल्पनिक देशांत स्थलांतर होतं आणि माणसं हवेत विरून जातात.

आता भाषा. या भागात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मजाही इथेच आली. साधारण पद्धत अशी की गोल चकती काढायची, तिचे तुकडे करायचे आणि लिहायचं, सांदोळी इतके टक्के, किरी इतके टक्के. पण हे टक्के प्रगणकाने दारात उभं राहून काय विचारलं त्यावर ठरतात. मॉरिशसच्या जनगणनेत घरी कोणती भाषा बोलता आणि पूर्वजांची भाषा कोणती, असे दोन वेगळे प्रश्न विचारलेले आहेत. घरच्या भाषेत क्रिओलचा (फ्रेंचवरून तयार झालेल्या तिथल्या बोलीचा) हिस्सा २०००मध्ये सुमारे ७० टक्के होता, २०११मध्ये तो ८०च्या वर गेला. पूर्वजांच्या रकान्यात मात्र भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी अशा भाषा दिसतात, ज्या घरात आता फारशा बोलल्या जात नाहीत.

मी सांदोळला हेच दोन प्रश्न दिले आणि दोन वेगळे देश हातात आले. घरची भाषा विचारली तर सांदोळी ५८ टक्के, बंदरी ३१, किरी ९. पूर्वजांची विचारली तर सांदोळी ७९, किरी १६, बंदरी जेमतेम २. बंदरीला पूर्वज नाहीत! देशातले जवळजवळ एकतृतीयांश लोक जी भाषा बोलतात, तिला आपली म्हणायला कोणी तयार नाही. सांदोळचं सगळं राजकारण या एका फरकातून सुटत जातं.

उत्तरं आल्यावर ती कोणत्या खान्यात टाकायची हाही प्रश्न आहेच. भारतात २०११ला लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ निरनिराळी नावं सांगितली. छाननी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या, आणि दहा हजारांवर बोलणारे असलेल्या भाषा म्हणून शेवटी १२१ उरल्या. आपल्याकडच्या अहिराणीची मोजणी खानदेशी या वेगळ्या भाषेत होते, मराठीत नाही. मालवणी कोकणीत जाते. सिंधुदुर्गातल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. सांदोळमध्ये हा अधिकार राजधानीतल्या एका तीन माणसांच्या समितीकडे आहे आणि तिघंही मैदानातले आहेत. त्यांनी उत्तर बेटांवरची बोली सांदोळीत घातली. बेटवाले अजून धुमसतायत.

आकड्याला दात हवेत म्हणून एक कायदा घातला, तो फिनलंडवरून. तिथे अल्पसंख्य भाषा बोलणारे ८ टक्के किंवा ३,००० असले की नगरपालिका द्विभाषिक ठरते, आणि एकदा मिळालेला दर्जा सहजासहजी जात नाही, त्यासाठी प्रमाण ६ टक्क्यांखाली यावं लागतं. सांदोळमध्ये घरच्या भाषेचे ८ टक्के भरले तर सरकारने त्या भाषेची शाळा द्यायची. आंबर या खोऱ्यातल्या गावात किरी घरी बोलणारे ७.६ टक्के आहेत, पूर्वजांची भाषा किरी सांगणारे १९. मग जनगणनेच्या आधी किरी संघटनेचे कार्यकर्ते घरोघर फिरणार, काय लिहायचं ते सांगणार, हे ओघानेच आलं. अतिशयोक्ती वाटत असेल तर १९५१चा पंजाब आठवा. हिंदी की पंजाबी या वादात उत्तरं इतकी बिघडली की तिथे या दोन भाषांचे आकडे वेगळे दिलेच नाहीत. बेल्जियमने १९६१मध्ये जनगणनेतला भाषेचा प्रश्नच काढून टाकला आणि पाठोपाठ भाषिक सीमा कायद्याने पक्की केली. लेबनॉनने तर १९३२नंतर अधिकृत जनगणनाच केलेली नाही, तिथे घोडं धर्मांच्या प्रमाणावर अडलं. सांदोळमध्येही एक जनगणना रद्द झालेली दाखवायची आहे, वर्ष अजून ठरलेलं नाही.

शिक्षणाकडे येताना आधी त्रैराशिक. जन्मदर हजारी १७ धरला, म्हणजे वर्षाला ४०,८०० मुलं. पहिली ते आठवीचे आठ वर्ग म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास. तीस मुलांमागे एक शिक्षक धरला तर ११ हजारांच्या आत भागतं. पण हे मैदानातलं गणित झालं. घरी किरी बोलणारे ९ टक्के म्हणजे २.१६ लाख, आणि सगळे तीनशे वस्तीच्या वाड्यांत राहतात असं धरलं तर वाड्या ७२०. एका वाडीत वर्षाला पाच मुलं जन्मतात, पहिली ते पाचवीचा पट पंचवीस. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आहेत. तोच नियम इथे लावला तर ७२० शाळांना १,४४० शिक्षक लागतात, तीसास एकच्या हिशेबाने मात्र सहाशेच्या थोडे वर पुरले असते. डोंगराने खर्च दुपटीच्या पुढे नेला, आणि सांदोळच्या अर्थमंत्र्याला वाड्यांच्या शाळा बंद करून एक मोठी निवासी शाळा काढण्याचं निमित्त मिळालं. हे कथानक मी शोधलं नाही, गुणाकारातून आलं.

या टप्प्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे लोकसंख्या मनोऱ्याला शाळेच्या भाषेप्रमाणे रंग देणं. कल्पना पूर्व तिमोरवरून सुचली. तिथे पोर्तुगीज काळात शिकलेले थोडे लोक, १९७५ ते १९९९ इंडोनेशियन भाषेत शिकलेली पिढी, आणि २००२पासून तेतुम ही तिथली स्थानिक भाषा आणि पोर्तुगीज या अधिकृत भाषा. म्हणजे नव्या देशाने जी पोर्तुगीज शाळेत आणली, ती शिकवायच्या वयातल्या बहुतेक शिक्षकांना धड येत नव्हती. सांदोळमध्ये आज साठी ओलांडलेले शहरी लोक पोर्तुगीजमध्ये शिकलेले आहेत. १९७५ ते १९९५मध्ये पहिलीत गेलेल्यांना सगळीकडे फक्त सांदोळी. १९९५पासून पहिली चार वर्षं घरच्या भाषेत.

रंग भरल्यावर दिसलं ते असं: किरी लिहा-वाचायला शाळेत शिकलेला सगळ्यात मोठा माणूस आज छत्तिशीच्या आसपास आहे. ही पहिली तुकडी २००७ला बारावी झाली, २००९ला शिक्षक होऊन बाहेर पडली. तेव्हापासून दर वर्षी चाळीस जण शिक्षक झाले असं उदार मनाने धरलं तरी साडेसहाशेच्या पुढे जात नाही. हवेत १,४४०. उरलेल्या शाळांत फळ्यावर सांदोळी, तोंडाने किरी. मॉरिशसमध्येही शाळेचं अधिकृत माध्यम इंग्रजी, पण समजावून सांगताना वर्गात क्रिओल चालतेच. क्रिओल हा ऐच्छिक विषय म्हणून प्राथमिक शाळेत आला तो थेट २०१२मध्ये. बंदरीला मी अजून तेवढंही दिलेलं नाही.

खासगी शाळांचं फार लांबवलं नाही. गोव्यात १९९०च्या धोरणाने प्राथमिक शाळांचं अनुदान कोकणी-मराठी माध्यमाशी बांधलं होतं, २०११मध्ये ते इंग्रजीलाही खुलं झालं. सांदोळ सध्या या दोन टप्प्यांच्या मध्ये आहे. अनुदान सांदोळी माध्यमाला, पालकांची रांग इंग्रजीकडे, आणि कागदोपत्री सांदोळी पण वर्गात इंग्रजी अशा शाळा बंदरात भरपूर.

राहिलेलं काम: किरीची लिपी (रोमनकडे कल आहे, पण मैदानातले ऐकणार नाहीत), आणि उत्तर बेटांवर हायस्कूल कुठल्या बेटावर ठेवायचं ते. बोटीच्या वेळापत्रकाशिवाय ते ठरणार नाही, म्हणून आधी बोटी. त्यानंतर दहावीची परीक्षा. वरघाटातल्या मुलांनी किरीत पेपर लिहिला तर तपासणारे कुठून आणायचे, याचं उत्तर वरच्या साडेसहाशेंतूनच काढावं लागणार आहे.