नुसती ‘ओ’

मावशीचा फोन आला तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिघडलंय. एरवी ती व्हिडिओ कॉल करते आणि मला तिचं कपाळ व वरचा पंखा दिसतो. या वेळी साधा कॉल होता.

“अरे, काड्या फुल्ल आहेत, तरी मेसेज जाईना. नुसतं गोल गोल फिरतंय.”

काड्यांनी तिला शब्द दिला होता आणि मोडला, असा सूर. पण काड्यांनी तसला शब्द कधी दिलेलाच नसतो. जवळचा टॉवर फोनला कितपत मोठ्याने ऐकू येतोय, एवढंच त्या सांगतात. टॉवरच्या पलीकडे तार तुटली असो की सर्व्हर झोपला असो, काड्या आपल्या ताठ उभ्या. शिवाय किती सिग्नलला किती काड्या, हे ज्याचं तो ठरवतो. २०१० साली खुद्द ॲपलने जाहीर पत्र काढून कबूल केलं होतं, की काड्या दाखवायचं आपलं सूत्र साफ चुकलेलं होतं आणि पुष्कळदा दोन काड्या जास्तच दिसत होत्या. खरा आकडा अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, सिमच्या माहितीत, ‘डीबीएम’ या एककात दडलेला असतो. तो कायम उणे. उणे ८० म्हणजे झकास, उणे ११५ म्हणजे टॉवर कुजबुजतोय. आकडा दहाने घसरला की सिग्नल दहापट क्षीण, तीसने घसरला की हजारपट. एवढी मोठी उतरण चार काड्यांत कोंबायची म्हटल्यावर थोडी फेकाफेक होणारच.

हे सगळं मावशीला सांगण्यात अर्थ नव्हता. मी भाचेलोकांचा ठेवणीतला उपाय काढला. “एअरप्लेन मोड लाव, दहापर्यंत मोज आणि काढ.”

फोन कट.

मिनिटभराने तिचा पुन्हा कॉल. “तू फोन का ठेवलास?”

“मी नाही, तू विमानात बसलीस.”

विनोद वाया गेला. उपायही. एरवी तो लागू पडतो आणि त्यात जादूटोणा नाही. फोन टॉवरचा हात सोडतो, मग सगळं नव्याने सुरू करून पुन्हा नाव नोंदवतो. अडकून पडलेली गाठ पुष्कळदा त्यात सुटते. पण ज्या फोनवर बोलतोय तोच विमानात बसवायचा नसतो, हे मला इतक्या वर्षांत सुचू नये! बरं, ‘नेटवर शोध’ असंही सांगता येत नाही. नेट गेलेल्याला सगळी औषधं त्याच बंद दाराआड ठेवलेली.

मग मी घाई केली आणि तिला ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ करायला लावलं. हे ब्रह्मास्त्र आहे, म्हणजे सोडताना बरं वाटतं. फोन आजवरचे सगळे वायफाय पासवर्ड विसरतो, कानातल्या ब्लूटूथ हेडफोनलाही ओळख दाखवत नाही. घरच्या वायफायचा पासवर्ड राऊटरच्या बुडाला चिकटवलेला आणि राऊटर कपाटाच्या माथ्यावर. मावशी स्टुलावर, मी फोनवर, आणि मधे एक अक्षर: ते शून्य की ओ, यावर आमची पाच मिनिटं चर्चा. ते शून्य होतं. वायफाय लागलं. मेसेज तरीही जाईना.

इथे मात्र मला जरा उजेड पडला. डेटावर चालत नाही, वायफायवरही चालत नाही, आणि काकांचा फोन त्याच वायफायवर मजेत बातम्या दाखवतोय. दोन्ही वाटा एकदम बंद पडत नाहीत. खोट वाटेत नाही, मावशीच्या फोनमध्येच आहे. ही परीक्षा खरं तर सर्वांत आधी करायची. मी ती सर्वांत शेवटी केली, कारण दुरुस्ती करणाऱ्याला विचार करण्यापेक्षा बटणं दाबायला जास्त आवडतात.

खुद्द फोन या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणा. नव्या वायफायशी जोडला गेला की अँड्रॉइड फोन गुपचूप एका ठरावीक पत्त्यावर विचारणा धाडतो. त्याला तिथून काहीच नको असतं. उत्तरात येतो २०४ हा आकडा. त्याचा अर्थ, ‘ऐकलं, पण पाठवण्यासारखं काही नाही.’ हे रिकामं पाकीट मिळालं की फोन समाधानी. विमानतळावरच्या वायफायने रिकाम्या पाकिटाऐवजी लॉगिनचं पान पुढे केलं, तर मधे कुणीतरी नाका लावून बसलंय हे त्याला कळतं. आणि उत्तरच आलं नाही, तर वायफायच्या खुणेवर उद्गारचिन्ह. आयफोनही विचारतो, पण त्याला ‘सक्सेस’ असं लिहून लागतं. मला रिकामं पाकीट जास्त आवडतं. लहानपणी आई आतून हाक मारायची. “काय?” म्हटलं की म्हणायची, “काही नाही.” शुद्ध २०४!

संगणकवाल्यांचं ‘पिंग’ही तेच. १९८३च्या डिसेंबरात माइक मूस यांनी तो छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची, ‘ओ’ यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. ८.८.८.८ या गूगलच्या आकडी पत्त्याने ओ दिली, पण साइटच्या नावाने मारलेली हाक वाया गेली, तर रस्ता शाबूत आहे आणि पत्त्यांची वही, म्हणजे डीएनएस, हरवली आहे. यासाठी फोनवर फुकट ॲप मिळतात. स्पीड टेस्टच्या भिरभिरत्या काट्यापेक्षा त्यांतून जास्त कळतं, असं माझं मत.

मावशीकडे पिंग नव्हतं. मी विचारलं, “फोनवर तारीख काय दिसतेय?”

पलीकडे शांतता.

“मावशी?”

“अरे, त्या गेममधले जीव संपले की थांबावं लागतं. तारीख एक दिवस पुढे केली की लगेच मिळतात.”

“मग मागे करत नाहीस?”

“कधीकधी राहतं.”

राहता राहता मावशी पुढच्या वर्षीच्या एप्रिलात जाऊन पोहोचली होती. प्रत्येक साइट आपल्या ओळखीचं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर मुदत असते आणि फोन ती स्वतःच्या तारखेशी ताडून बघतो. मावशीच्या फोनला भेटेल त्याचं प्रमाणपत्र मुदत संपलेलं दिसत होतं, म्हणून तो बिचारा कर्तव्यदक्षपणे सगळ्यांना दारातूनच परत पाठवत होता. मी उगाच टॉवरवर संशय घेतला.

‘स्वयंचलित तारीख’चं बटण सुरू केलं आणि साचलेले मेसेज टिंग टिंग करत कोसळले. मावशीने “आता माझे जीव परत घेतील का रे?” असं काळजीने विचारलं आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी तिचा मेसेज आला. त्यात अक्षर नव्हतं, चित्र नव्हतं, नुसतं एक टिंब.

मीही एक टिंब पाठवलं.