येस बँक १३ दिवसांत सावरली, मग पीएमसी का रखडली?

सहकारी बँकेत नोकरी केल्यामुळे लग्नकार्यातसुद्धा मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. येस बँकेचे व्यवहार १३ दिवसांत पुन्हा सुरू झाले, मग पीएमसीच्या, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या, ठेवीदारांना २८ महिने का ताटकळावं लागलं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं: मोठ्यांना एक न्याय, लहानांना दुसरा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, खरी मेख कायद्यात होती आणि ती पाच दशकांहून जुनी होती.

१९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्याने बँकिंग कायद्यात कलम ४५ नव्याने घातलं गेलं. बँक डबघाईला आली की तिचे व्यवहार काही दिवस गोठवायचे, तेवढ्यात रिझर्व्ह बँकेने पुनर्रचनेची किंवा विलीनीकरणाची योजना आखायची आणि केंद्राने ती मंजूर करायची, अशी ही सोय. १९६५ च्या दुरुस्तीने बँकिंग कायदा सहकारी बँकांनाही लागू झाला, पण या कलमातला गोठवण्याचा भागच तेवढा त्यांच्या वाट्याला आला. योजनेचा भाग वगळला होता.

म्हणून ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा वाट आधीच आखलेली होती. १३ तारखेला योजना अधिसूचित झाली, स्टेट बँकेने पैसा घातला आणि १८ तारखेला निर्बंध उठले. पीएमसीवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा अशी वाटच नव्हती. सुमारे पावणेनऊ हजार कोटींच्या कर्जांपैकी साडेसहा हजार कोटींहून जास्त एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहात अडकलेले, आणि ते लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती. खातेदाराला काढता येत होते फक्त हजार रुपये. पुढे दहा हजार, पंचवीस, चाळीस, पन्नास, अशी मर्यादा हप्त्याहप्त्याने वाढत गेली.

ते दिवस मी आमच्या बँकेत काउंटरच्या आतून पाहिले. लोक प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून मुदत ठेवींच्या पावत्या घेऊन येत आणि विचारत, "साहेब, आपलीपण तशीच आहे का हो?" एक आजी पासबुक भरून घ्यायला आल्या. शिल्लक रकमेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा आकडा खरा ना?" आकडा खरा होता. पण ठेवविम्याचं काय, हे विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं की तेव्हा विमा एका लाखाचा होता आणि तोही सहसा बँकेचा परवाना गेल्यावरच मिळायचा. पीएमसीचा परवाना शाबूत होता, म्हणून विमाही नाही आणि ठेवही नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये विमा पाच लाखांचा झाला. २६ जून २०२० ला बँकिंग कायदा बदलणारा वटहुकूम निघाला आणि सप्टेंबरात संसदेने त्याचा कायदा केला. सहकारी बँकांसाठीही पुनर्रचनेची योजना आता आखता येऊ लागली. महाराष्ट्रातून विरोध झाला: सहकार हा राज्याचा विषय, त्यावर दिल्लीचा ताबा कशाला? या चिंतेत तथ्य आहे, पण ठेवीदार अडकलेला असताना अधिकार कोणाचा यावर वाद घालत बसणं मला कधीच पटलं नाही.

कायदा आला तरी घेणारी बँक लागतेच. ती मिळाली जानेवारी २०२२ मध्ये, युनिटी स्मॉल फायनान्स बँक. विम्याचे पाच लाख आधी. त्यापुढच्या ठेवीतले दोन वर्षांनी पन्नास हजार, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख, चौथ्या वर्षाअखेर तीन, पाचव्या वर्षाअखेर साडेपाच लाख, उरलेलं सगळं दहा वर्षांनी. म्हणजे वीस लाखांच्या ठेवीतले पंधरा लाख पाच वर्षांत मिळणार, शेवटच्या पाच लाखांसाठी दशकभर थांबायचं. पाच वर्षं व्याजही नाही. निवृत्तीची पुंजी ठेवलेल्या पासष्ट वर्षांच्या माणसाला ही योजना वाचून दाखवताना माझा आवाज फुटत नव्हता. बँक वाचली हे खरं, पण त्याची किंमत त्या माणसाने भरली.

२०२१ मध्ये विम्याचा कायदाही बदलला. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यायची, परवाना जायची वाट पाहायची नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले, तिजोरीतले १२२ कोटी गायब असल्याचं उघड झालं, तेव्हा ही तरतूद हाताशी होती. ४ ऑगस्टला ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, ठेवींच्या जबाबदारीसकट.