तुम्ही विचारलंत म्हणून: इम्युनिटीसाठी फिश ऑइल घ्यायचं का?

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न ठरलेला. तब्येत ठणठणीत आहे, कसलाच त्रास नाही, फक्त इम्युनिटी वाढावी म्हणून ओमेगा-३ ची कॅप्सूल चालू करू का? माझं उत्तर, नुसतं तेवढ्यासाठीच असेल तर घेऊ नका. का ते सांगतो.

माशाच्या तेलातलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे त्यातली मुख्य दोन ओमेगा-३, काही आठवड्यांत आपल्या पांढऱ्या पेशींच्या आवरणात जाऊन बसतं आणि तिथल्या ॲराकिडोनिक ॲसिडची (हे एक ओमेगा-६ प्रकारचं फॅट) थोडी जागा घेतं, आणि त्या ॲसिडपासूनच सूज आणणारी रसायनं बनतात, म्हणजे ती मग कमी बनतात. आलं का लक्षात, हे तेल प्रतिकारशक्तीला जोर देत नाही, तिचा भडका जरा कमी करतं. १९८९ ला बॉस्टनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना सहा आठवडे रोज १८ ग्रॅम फिश ऑइल दिलं, तर त्यांच्या पेशी आयएल-१ आणि टीएनएफ ही सूज वाढवणारी प्रथिनं कमी बनवायला लागल्या, तेल बंद करून दहा आठवडे झाले तरी परिणाम टिकून होता. पण १८ ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या १८ कॅप्सूल झाल्या की ओ, रोजच्या! आपण घेतो एक, फार तर दोन, आणि साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून ३०० मिलिग्रॅमच असतं, तेवढ्यानं धडधाकट माणसात फारसा फरक दिसत नाही.

वयस्कर मंडळींनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये ५५ च्या पुढच्या निरोगी लोकांना १२ आठवडे रोज साधारण १ ग्रॅम ईपीए-डीएचए दिलं तेव्हा व्हायरसशी लढणाऱ्या नॅचरल किलर पेशींचं काम सरासरी ४८ टक्क्यांनी कमी झालं, बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा जागेवर आलं. हे प्रयोगशाळेतलं माप आहे, त्यानं कुणी आजारी पडलं असं नाही, पण ‘वाढतं’ म्हणून विकलं जातं आणि मोजलं तर खाली जातं, हे गिऱ्हाइकाला माहीत असायलाच पाहिजे.

मग जवसाची चटणी? अवश्य खा, भाकरीबरोबर तिच्यासारखं काही नाही. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास एएलए असतं, तेही ओमेगा-३ च, पण शरीर त्यातलं थोडंसंच ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचए तर अगदी नावापुरतं. चटणी कॅप्सूलची जागा घेत नाही, आणि तिनं घ्यायचं काही कारणही नाही. मासे खाणारे असाल तर बांगडा, तारली बघा, त्यात रोहू-कटलापेक्षा कितीतरी जास्त मिळतं.

करडईच्या तेलाचंही हल्ली लोक विचारतात, त्यात ओमेगा-६ फार, सूज वाढते म्हणे. सोलापूरच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या करडई पिकते, त्यामुळे याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यात लिनोलिक ॲसिड, म्हणजे तेच ओमेगा-६, ७० टक्क्यांच्या वर असतं हे खरं, पण निरोगी लोकांवर झालेल्या चाचण्यांत ते वाढवल्यानं रक्तातले सुजेचे मार्कर वाढलेले दिसले नाहीत. उगाच सोडू नका.

आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर फिश ऑइल मनानं चालू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा, मग माझ्याकडे या.