हळदीच्या पानाऐवजी

दक्षिण कोरियातल्या सुवोनला येऊन दोन वर्षं झाली तरी आमच्या इमारतीतल्या आज्यांशी माझं बोलणं 'आन्न्यंग हासेयो'च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे २०२४ च्या सप्टेंबरात, छुसॉक या कोरियन सुगीच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या वॉर्ड ऑफिसात परदेशी रहिवाशांसाठी दिवसभराच्या भेटींचा कागद दिसला तेव्हा नाव देऊन टाकलं. घरून काहीतरी गोड आणा, एवढंच सांगितलं होतं. मी बेसनाचे लाडू नेले.

सकाळी ह्यांगग्यो, म्हणजे जोसन राजवटीच्या काळातली कन्फ्यूशियन शाळा. तिथे मोठा नमस्कार शिकवला. बायकांनी उजवा हात डाव्यावर ठेवायचा, पुरुषांनी डावा उजव्यावर. मी नेमकी चुकले. शिकवणारे आजोबा लगबगीने आले आणि माझे हात बदलायला लावले. उलटे हात मयताच्या घरी असतात म्हणे! सणाच्या तोंडावर मी सुतक घेऊन आले होते.

दुपारचा पाल्दालमुनचा बाजार उरकून (शाकाहारी माणसाने तिथे बघतच फिरावं) आम्ही ग्योंग्रोदांगला पोचलो. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची ही बसण्याउठण्याची जागा. चपला दाराशी काढायच्या, जमिनीवर बसायचं. इथे मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. पहिला प्रश्न वय किती, दुसरा जेवलीस का.

मग परात पुढे आली आणि मी बघतच राहिले. तांदळाची पिठी, तीत गरम पाणी, हात पोळत मळणं. सारण तीळ-साखरेचं. हे सोंगप्योन, छुसॉकचा पदार्थ, आकाराने इवल्या करंजीसारखा. सोंगप्योन सुबक वळणारीला देखणी मुलगी होते, असं एका हाल्मोनीने, म्हणजे आजीने, सांगितलं. माझं पहिलं सोंगप्योन पाहून ती काहीच बोलली नाही.

तेव्हा मी पिठाचा गोळा घेतला, पारी केली आणि कळ्या पाडायला लागले. पाच दिवसांपूर्वीच गणपतीला एकवीस केले होते, हात चालता होता. खोली गप्प झाली. मग सगळ्यांनाच करून बघायचं होतं. त्यांच्या कळ्या फाटत होत्या, माझी सोंगप्योनं उकलत होती, हिशोब बरोबर. लाडू बाजूलाच राहिले.

सोंगप्योन पाइनच्या सुईसारख्या पानांवर वाफवतात. नावातला 'सोंग' म्हणजे पाइनच. पीठ चिकटत नाही आणि वास लागतो. आमच्या रत्नागिरीला हेच काम हळदीचं पान करतं. सुवोनमध्ये मला ते आजवर मिळालेलं नाही, असं मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितलं, तर निघताना हाल्मोनीने धुतलेल्या पाइनच्या पानांची पिशवी हातात कोंबली. मी ती दोन्ही हातांनी घेतली, तेवढं तरी चुकले नाही.

त्या वर्षी छुसॉक आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला आली. विसर्जन बादलीत, नैवेद्याचे मोदक पाइनवर. वास जरा रानातला येत होता. नवऱ्याने सहा खाल्ले.